पहिल्या हंगामाची बांधाबांध

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, कर्जत आणि जामखेड या तालुक्यांना लागून असलेला आष्टी तालुका पर्जन्यछायेत येतो. हलकी ते मध्यम जमीन आणि बेभरवशाचा पाऊस यांमुळे बाजरी, ज्वारी, तूर, हुलगा, मटकी अशा पिकांवर वर्ष निभत नाही, आणि म्हणून येथील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडून साखर कारखान्यांचा गाळप हंगाम आटोपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, परततात. या स्थलांतराचा विचार मजुरी, उचल, मुकादमाची पकड आणि शाळा सुटणारी मुले या बाजूंनी पुष्कळ झाला आहे व तो होणे आवश्यकच होते. मात्र पाच-सहा महिन्यांचा अख्खा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कसा बसवला जातो, त्यात काय घेतले व काय वगळले जाते आणि पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्या जोडप्याला हे कसे कळते, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेलेले दिसते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आणि चाकांवरच्या घराची चर्चा शहरी सुट्टीच्या संदर्भात होऊ लागली. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातील बायका ही विद्या त्याच्या कितीतरी आधीपासून, सुट्टीचा संबंध नसताना, वापरत आल्या आहेत.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी हे कामाचे एकक असून तिला ‘एक कोयता’ म्हणतात, एकटा मजूर ‘अर्धा कोयता’ मानला जातो, आणि अशा कोयत्यांची मिळून टोळी होते, जी मुकादम, म्हणजे कारखान्याला किंवा वाहतूकदाराला मजूर पुरवणारा मध्यस्थ, बांधतो. टायरगाडीच्या पद्धतीत जोडप्याकडे स्वतःचे बैल असतात आणि गाडी बहुधा कारखान्याकडून भाड्याने मिळते. ‘डोकी सेंटर’ या पद्धतीत मात्र तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरायच्या असतात आणि तोच ट्रॅक्टर हंगामाच्या सुरुवातीला टोळीला तिच्या संसारासह गावातून घेऊन जातो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि टोळीत आठ-दहा कोयते धरले, तर एका कुटुंबाच्या वाट्याला ट्रॉलीचा चौथा-पाचवा हिस्सा येतो, आणि त्यातच माणसांनी बसायचे असते. सप्टेंबर २०२२ मध्ये अहिल्यानगर ते आष्टी रेल्वे सुरू झाली, पण या प्रवासाला तिचा उपयोग नाही, कारण ऊसतोडीचा मुक्काम स्थानकाजवळ नसून कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर किंवा सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या शिवारात असतो, आणि तिथवर धान्याची पोती, बांबू व शेळी यांना एकत्र नेईल असे वाहन ट्रॅक्टर किंवा ट्रकच.

जागेची टंचाई उघड दिसते, म्हणून पाहणाऱ्याला वाटते की सामानाची निवड जागेवर ठरत असावी. प्रत्यक्षात ती कर्जावर ठरते. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, हंगामभर तोडलेल्या टनांतून फेडायची असते आणि मधल्या काळात रोजच्या गरजांसाठी पंधरवड्याला थोडी ‘खर्ची’ हाती येते, जी पुन्हा त्याच हिशेबात धरली जाते. तळाजवळच्या, म्हणजे टोळीच्या मुक्कामाजवळच्या, किराणा दुकानातली उधारीही बहुधा मुकादमाच्या ओळखीवर चालते. त्यामुळे घरून न आणलेली प्रत्येक वस्तू फडावर, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेतावर, विकत घ्यावी लागते आणि वहीत चढते. अनुभवी बाई पोते शिवताना ‘हे बसेल का’ यापेक्षा ‘हे तिकडं घ्यावं लागंल का’ हा प्रश्न विचारते, आणि पहिल्या वर्षीच्या जोडप्याचे सामान व जुन्या जोडप्याचे सामान यांतला फरक बहुतांशी याच प्रश्नातून आलेला असतो. नवे जोडपे लग्नात आलेली स्टीलची भांडी, नवी चादर, आरसा आणि भिंतीवरचे घड्याळ घेते आणि मिठाची पुडी विसरते.

सर्वांत अधिक विचार धान्याचा करावा लागतो. पहाटेपासून तोडणी करणाऱ्या जोडप्याला दोन वेळच्या भाकरीसाठी रोज सव्वा किलो धान्य धरले, तर महिन्याला सदतीस-अडतीस किलो आणि पाच महिन्यांना दोन क्विंटलच्या आसपास लागते; सोबत मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर अडीच क्विंटलही पुरे पडत नाही. हे धान्य कोणते असावे हे आष्टीच्या पीकचक्रावरून ठरते: बाजरी नुकतीच, भाद्रपद-आश्विनात, काढलेली असते, तर घरात असलेली ज्वारी मागच्या रब्बीची, म्हणजे सात-आठ महिन्यांपूर्वीची असते, आणि नव्या रब्बीची पेरणी करूनच जोडपे निघते, जिची काढणी घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना करावी लागते. थंडीत खायला बाजरी आणि माघानंतर ज्वारी अशी विभागणी चवीपुरती नाही. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ काही दिवसांतच कडवट होते, तेव्हा बाजरी दाण्याच्या रूपातच न्यावी आणि तळाजवळच्या गावातल्या गिरणीतून आठवड्यापुरतीच दळून आणावी लागते. ज्वारीचे पीठ थोडे अधिक टिकते, म्हणून प्रवासाचे दोन दिवस आणि गिरणी सापडेपर्यंतचा आठवडा यांसाठी घरून दळून न्यायचे पीठ ज्वारीचे असते. नवी बाजरी उन्हात पुरेशी वाळवली नाही तर पोत्यात घाम धरते, आणि हा दोष आष्टीच्या कोरड्या हवेत लक्षातही येत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात, चहूबाजूंनी पाणी दिलेल्या उसाच्या मधोमध, रात्रीच्या दवात तेच पोते पंधरा दिवसांत कुबट होते व सोंडे धरते. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणे, पोते जमिनीला न टेकवता दगडांवर वा बांबूच्या माचोळीवर ठेवणे आणि दोन मोठ्या पोत्यांऐवजी चार लहान पोती भरणे, म्हणजे एकात कीड लागली तरी बाकीची वाचतात, हे सारे उपाय कोरड्या प्रदेशातील माणसाने ओल्या प्रदेशात जाऊन शिकलेले आहेत.

कोरड्यासाचा, म्हणजे भाकरीबरोबर खायच्या कालवणाचा, प्रश्न तुलनेने सोपा आहे. हुलगे, मटकी आणि तुरीची डाळ घरची असते. धान्ये-मसाले भाजून दळलेला येसर असला की भाजी नसतानाही आमटी होते. जवस, कारळे आणि शेंगदाण्याच्या चटण्या, वाळलेल्या मिरच्या, खारोड्या व सांडगे यांना फारशी ना आच लागते ना वेळ, आणि मध्यरात्री गाडी भरायला बोलावणे येणाऱ्या माणसाला वेळ सर्वांत महाग असतो. तेल, गूळ-साखर आणि चहा पावडर मात्र महिन्यापेक्षा जास्त नेण्यात अर्थ नसतो. तेलाचा डबा ट्रॉलीत उलटला की वाकळी, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, कायमच्या बिघडतात, आणि साखर कारखान्याच्या दारात साखर विकत घ्यावी लागते या विसंगतीची कोणाला आता गंमतही वाटत नाही.

पाण्याची भांडी निवडताना जुन्या व नव्या पिढीत मतभेद दिसतो. हंडा-कळशीची सवय असलेल्या बायका धातूची भांडी नेतात, कारण ती फुटत नाहीत आणि गरजेला विकता वा गहाण ठेवता येतात. तरुण बायका झाकणाचे प्लास्टिकचे ड्रम आणि वीस लिटरचे कॅन पसंत करतात, कारण तळापासून पाणी लांब असेल तर मोटारसायकलला कॅन अडकवता येतो व झाकणामुळे पाणी झाकलेले राहते. याबाबतीत तरुण बायकांचा निर्णय अधिक योग्य वाटतो. शिवाय रिकामा ड्रम ही ट्रॉलीतली रिकामी जागा नसते: जाताना त्यात चटण्यांच्या बरण्या, डाळींच्या पिशव्या आणि कपड्यांत गुंडाळलेली काचेची वस्तू बसते, आणि मुक्कामी पोहोचल्यावर तो पाण्याचा होतो. काठवट, म्हणजे भाकरीचे पीठ मळण्याची लाकडी परात, तवा, उलथणे आणि दोन जर्मनची पातेली एवढ्यावर स्वयंपाक निभतो. सरपणासाठी उसाचे पाचट मुबलक असते, पण ते भडकन पेटून विझते, भाकरीला लागणारी सलग आच देत नाही. म्हणून तुराट्यांच्या एक-दोन पेंढ्या घरून आणल्या जातात, किंवा ज्यांना परवडते ते पाच किलोची गॅसची टाकी आणतात, जी ट्रॉलीत आडवी न टाकता उभी बांधावी लागते.

निवारा म्हणजे कोपी. बांबूच्या कांबी कमानीसारख्या वाकवून जमिनीत रोवायच्या, त्यांवर चटई किंवा पाचट आणि वर प्लास्टिकचा कागद टाकून दोरीने आवळायचा, अशी ही झोपडी एका जोडीला अर्ध्या दिवसात उभी करता येते. काही कारखाने बांबू आणि चटया पुरवतात, पण त्या तळावर वेळेवर येतीलच याचा भरवसा नसल्याने जाणती माणसे किमान ताडपत्री, सुतळी, थोडी तार आणि एक पहार बरोबर ठेवतात. दिवाळीच्या मागे-पुढे अवकाळी पाऊस होतो, आणि तेव्हा ताडपत्री नसलेल्या कुटुंबाचे धान्य व अंथरूण एकाच रात्रीत भिजते. पहिल्या वर्षीच्या बहुतेक जोडप्यांकडे एकच ताडपत्री असते. दोन लागतात: एक डोक्यावर, एक धान्याखाली. जुन्या साड्या आणि गोणपाटाचे तुकडेही गाठोड्यात असावे लागतात, कारण कोपीला न्हाणी नसते आणि आडोसा स्वतःच उभारावा लागतो. ही गोष्ट सासरा किंवा मुकादम सांगत नाही, थोरली जाऊ सांगते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा तळावरचे पाणी, शौचालय आणि विश्रांती यांचा अभाव सार्वजनिक चर्चेत आला. आडोशासाठी घेतलेल्या साडीची चर्चा त्याआधी अनेक वर्षे फक्त बायकांच्या आपसांतल्या बोलण्यात होत असे.

अवजारांच्या बाबतीत कंजूषी चालत नाही. प्रत्येकाला एक कोयता आणि जोडीत एक जास्तीचा, धार लावायला कानस, मोळी डोक्यावर घेताना खाली ठेवायच्या कापडी कड्या, म्हणजे चुंबळी, आणि रात्री गाडी भरताना लागणारी बॅटरी इतके हवेच. कोयता गावच्या लोहाराकडून मूठ हाताला बसवून घेतलेला असावा, कारण दिवसभरात हजारो वेळा उचलायच्या पात्याचा तोल मनगटाला सोसवला नाही तर पहिल्याच आठवड्यात हात सुजतो, खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाती गोणपाटात गुंडाळून, सुतळीने बांधून, ट्रॉलीच्या पुढच्या बाजूला खाली ठेवतात, जेणेकरून वर बसलेल्या मुलांचा पाय त्यावर पडू नये. उसाच्या पानांची धार आणि त्यावरील बारीक कूस यांपासून बचाव करण्यासाठी बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट घालतात, तेव्हा नवऱ्याचे जुने शर्ट टाकून न देता दोघांच्या हिशेबाने नेले जातात.

भरण्याचा क्रम हे या कामातले खरे ज्ञान आहे. जड पोती तळाशी आणि पुढच्या निम्म्या भागात ठेवावीत असा जुन्या ड्रायव्हरांचा आग्रह असतो, त्यामागे साधे यंत्रशास्त्र आहे: दोन चाकांच्या, म्हणजे एकाच आसाच्या ट्रॉलीत वजन आसाच्या मागे गेले की पुढचा हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि उतारावर ब्रेक लावताना चाके घसरतात. अमेरिकेत प्रवासी ट्रेलर ओढणाऱ्यांना एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा असे सांगितले जाते, कारण तो कमी पडला तर मागचे घर रस्त्यावर डोलू लागते. आष्टीचा ड्रायव्हर टक्के मोजत नाही, तो हूक अडकवण्याआधी ट्रॉलीचा दांडा हाताने उचलून पाहतो आणि दांडा हलका लागला की दोन पोती पुढे सरकवायला सांगतो. चार चाकांच्या ट्रॉलीत हा प्रश्न सौम्य होतो, पण उंचीचा राहतो, आणि वाकळी-गाठोड्यांचा ढीग करून त्यावर माणसे बसली की वळणावर धोका वाढतो. मालवाहू ट्रॉलीतून माणसांची वाहतूक करायला कायद्याची परवानगी नाही, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही टोळीच्या प्रवासासाठी वेगळी बस ठरवण्याचा खर्च कोणी उचलायचा हा प्रश्न अनुत्तरित असल्याने करमाळा-टेंभुर्णीवरून पंढरपूर, सांगोला, मिरज असा रात्रभराचा प्रवास लहान मुलांसह त्याच ढिगावर होतो. मागून येणाऱ्या वाहनाला दिसावे म्हणून ट्रॉलीच्या पाठीला रिफ्लेक्टर लावणे, आणि तो नसेल तर निदान प्रवास दिवसा करणे, ही टोळीने मुकादमाकडे आग्रहाने मागायची गोष्ट आहे.

वजनानंतरचा नियम उतरवण्याचा. टोळी बहुधा संध्याकाळी किंवा अपरात्री पोहोचते, जागा अनोळखी असते, दिवा नसतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोयता चालवायचा असतो. तेव्हा पहिल्या रात्री लागणाऱ्या वस्तू, म्हणजे ताडपत्री, बॅटरी, पाण्याचा भरलेला कॅन, एक वाकळ, मुलाच्या झोळीचे कापड, बांधून आणलेल्या भाकरी-चटणीचे फडके आणि सकाळच्या चहाचे पातेले, या सर्वांत शेवटी भराव्या लागतात, म्हणजे त्या सर्वांत आधी निघतात. नवे जोडपे नेमके उलट करते, कारण घरातून जी वस्तू आधी हाताला लागते ती आधी ट्रॉलीत जाते आणि बॅटरी दोन पोत्यांखाली दबते. प्रत्येक कुटुंबाने आपल्या गाठोड्यांना एकाच रंगाची चिंधी बांधण्याची पद्धतही याच रात्रीसाठी आहे. आठ-दहा घरांची सारखीच पांढरी पोती अंधारात उतरवताना भांडणे होतात, आणि एकदा झालेले भांडण पाच महिने एकाच तळावर पुरते.

पत्र्याची पेटी ही ट्रॉलीतली सर्वांत लहान पण सर्वांत विचारपूर्वक ठेवलेली वस्तू असते. तिच्यात आधार कार्ड, बँकेचे पासबुक, शिधापत्रिका, गरोदर बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड, मुलाचे लसीकरण कार्ड आणि उचलीच्या रकमेची स्वतःजवळ ठेवलेली नोंद असावी. ही शेवटची नोंद बहुतेक जोडपी ठेवत नाहीत, आणि हंगामाच्या अखेरीस फक्त मुकादमाची वही बोलते. शिधापत्रिकेचा उपयोग आता वाढला आहे: ‘एक देश एक शिधापत्रिका’ या योजनेची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या जोड्यांपासून झाली आणि पुढे कर्नाटकासह इतर राज्ये तिच्यात आली, त्यामुळे तळाजवळच्या रेशन दुकानातून अंगठा लावून धान्य घेता येते, मात्र एकाच कार्डावर घरी राहिलेले सासू-सासरेही अवलंबून असतील तर कोण कुठे किती धान्य उचलणार हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते. ही पेटी कोपीच्या आतल्या कोपऱ्यात न ठेवता दाराशी ठेवावी, कारण पाचटाच्या कोपीला आग लागली तर आत शिरण्याइतका वेळ मिळत नाही. चूल कोपीबाहेर व वाऱ्याच्या उलट्या अंगाला मांडण्याचे कारणही तेच.

या सगळ्या व्यवस्थेत पहिल्यांदा संसार भरणारी मुलगी अनेकदा कायद्याने सज्ञानही नसते, हे नोंदवल्याशिवाय विषय पुरा होत नाही. जोडीला पूर्ण कोयत्याची उचल मिळते आणि वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची ही आईबापांची भीती असते, या दोन कारणांनी बीड जिल्ह्यात लग्ने लवकर लावली जातात. ज्या वयात हंगामी वसतिगृहात राहून शाळा शिकायची, त्या वयात ती धान्याचा पाच महिन्यांचा अंदाज बांधायला शिकते. तिच्या हातून मीठ राहून गेले तर दोष तिच्या गृहकौशल्याला देणे ही पद्धत सोयीची असली तरी न्यायाची नाही. लहान मुले असणाऱ्या कुटुंबांनी आजी-आजोबा गावात असतील तर शाळेतील मुले त्यांच्याकडे किंवा वसतिगृहात ठेवून दूधपिते मूल तेवढे बरोबर न्यावे, असा सल्ला दिला जातो. ज्यांच्याकडे आजी नाही त्यांची मुले ट्रॉलीत बसतात, आणि तेव्हा त्यांचे दप्तर पेटीच्या शेजारी, कोरड्या जागी ठेवण्याइतकी तरी तजवीज करता येते.

परतीची ट्रॉली वेगळी असते. धान्य संपलेले, ड्रम रिकामे, वाकळी धुरकटलेल्या. मोकळ्या झालेल्या जागेत काही जण मिळालेल्या पैशांतून घेतलेले पत्रे किंवा दाराची चौकट आणतात, तर उचल न फिटलेल्यांची जागा मोकळीच राहते. काही कुटुंबे बांबू, ड्रम आणि ताडपत्री ओळखीच्या बागायतदाराकडे पुढच्या वर्षासाठी ठेवून येतात, त्यामुळे जाता-येता ट्रॉलीतली जागा वाचते. पण पुढच्या दसऱ्याला मुकादम त्याच कारखान्याशी करार करील की टोळीला दुसऱ्याच जिल्ह्यात नेईल हे चैत्रात कोणालाच सांगता येत नाही, आणि म्हणून बांबू सोडले तरी ताडपत्री व ड्रम परत आणलेलेच बरे.